खिशांची वही

माणूस ओळखायचा तर चेहऱ्याकडे बघू नये, खिशात बघावं. सत्तावीस वर्षं लाँड्री चालवतेय, उगाच हवेत बोलत नाहीये. चेहरा घरातून निघताना आरशात बघून, नीट आवरून निघतो. खिसा बिचारा जसा असेल तसा आमच्या काउंटरवर येऊन पडतो.

दुकान तीन माणसांचं. मागे वाफेच्या इस्त्रीवर आमचे हे. हे दिवसाला सरासरी नऊ वाक्यं बोलतात, त्यातली चार इस्त्रीशी. पुढे काउंटरवर मी. घरातलं उरलेलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलंय आणि मी ते मन लावून करते. तिसरे भागीदार माझे धाकटे दीर. भाऊजी माणूस सोन्यासारखा, पण बाजारात नवीन काही निघालं की ते भाऊजींना चावल्याशिवाय राहत नाही. एकदा त्यांनी सुगंधी फवारा आणला. महिनाभर सगळ्या गल्लीच्या कपड्यांना दवाखान्याचा वास येत होता.

कपडा यंत्रात टाकण्याआधी खिसे रिकामे करायचे, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. सासूबाईंच्या काळात एका विसरलेल्या पेनाने अकरा पांढरे शर्ट निळे केले होते, तेव्हापासून त्यांनी वही सुरू केली. खिशांची वही. कपड्याचा नंबर, कपडा कुणाचा, कुठला खिसा, काय मिळालं. वस्तू पाकिटात, पाकिटावर नंबर, पाकीट काउंटरखालच्या कप्प्यात. आणि त्यांचा दंडक असा, की कपडे कुणीही न्यावेत, बायकोने, लेकाने, शेजाऱ्याने. पाकीट मात्र ज्याचा खिसा त्याच्याच हातात द्यायचं. "कपडा घरचा असतो, खिसा एकट्याचा," असं म्हणायच्या.

सासूबाई वहीत लिहायच्या, 'एक कागद'. एवढंच. माझं काही त्याने भागायचं नाही. कसला कागद, कुणाच्या हातचा, काय लिहिलंय, मी सगळं उतरवून ठेवायची. कारण विचारलं की सांगायची, पाकिटांची अदलाबदल नको व्हायला म्हणून. खरं कारण असं, की मला वाचायला आवडतं आणि आमच्याकडे पेपर येत नाही. पण वाचलं ते पोटात ठेवलं हो. तोंडात तीळ भिजत नाही अशातली मी नाही. एवढी बडबड करते, पण खिशातलं एक अक्षर कधी ओठावर आलं नाही.

झालं काय, फोनने माझ्या नाकी नऊ आणले होते. "झालं का?" "झालं का?" "अजून नाही झालं का?" एक हात डागावर, एक फोनवर. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता नवीन मदतनीस निघालाय. माणूस नाही, प्रोग्राम. गिऱ्हाईक मेसेज करेल, हा लेखी उत्तर देईल. चोवीस तास, आणि तुमच्यापेक्षा आदबीने."

"माझ्यापेक्षा आदबीने तर आपलं यंत्रपण बोलतं," मी म्हटलं. "आणा."

"फक्त त्याला आपलं सगळं शिकवावं लागतं. जेवढं खायला घालू तेवढा शहाणा होतो."

एका दुपारी त्यांनी काउंटरवरच्या साऱ्या वह्यांचे फोटो काढले. आल्या कपड्यांची वही, गेल्या कपड्यांची वही. मग खिशांची वही उचलून विचारलं, "वहिनी, हीपण?" मी तेव्हा एका बाहीवरची शाई काढत होते. मान वर न करता म्हटलं, "करा काय करायचं ते." आता पुढे मी यंत्रावर, भाऊजींवर, कंपनीवर, सगळ्या जगावर ओरडणार आहे. पण हे चार शब्द माझे होते, ते आधीच सांगून टाकते.

भाऊजींनी त्याचं नाव ठेवलं 'सेवक', आणि रोज संध्याकाळी त्याला वह्यांची नवी पानं दाखवू लागले. मी म्हणायची बोलघेवडा. पहिले वीस दिवस मात्र काय सांगू, स्वर्ग! फोन गप्प, मी गप्प, दुकानात इतकी शांतता की आमचे हे दोनदा बाहेर येऊन मला बरं आहे ना ते बघून गेले.

एकविसाव्या दिवशी सकाळी घड्याळवाल्या वहिनी आल्या. आमच्या समोर रस्त्यापलीकडे घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, त्या घड्याळवाल्यांच्या ह्या बायको. दुकानाच्या वरच राहतात, संध्याकाळी मुलांना गणित शिकवतात. त्यामुळे बाई भांडतानाही पायऱ्या दाखवतात. गेल्या आठ महिन्यांत त्या आमच्या दुकानात आल्या नव्हत्या. कपडे आणायचं-न्यायचं काम घड्याळवालेच करायचे. त्या दिवशी आल्या त्या थेट काउंटरवर फोन आपटून म्हणाल्या, "वाचा."

त्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं, 'राखाडी कोट झाला का?' खाली बोलघेवड्याचं उत्तर. "नमस्कार! आपला राखाडी कोट तयार आहे. कोटाच्या आतल्या खिशात नावेची दोन वापरलेली तिकिटं आणि एक चिठ्ठी मिळाली आहे. 'गुरुवारी चार. तळ्याकाठी. निळं घाल, खुलतं तुला.' आपला दिवस आनंदात जावो!" आणि शेवटी एक पिवळं फूल.

"माझा दिवस आनंदात जावो म्हणतोय तुमचा तो," वहिनी म्हणाल्या. "आता ऐका. गुरुवारी चार ते सहा माझा वर्ग असतो. पायरी पहिली. ह्यांच्याकडे निळं चिरगूट नाही, म्हणजे निळं घालणारं दुसरंच कुणीतरी. पायरी दुसरी. लग्नाला बावीस वर्षं झाली, हे मला कधी नावेत घेऊन गेले नाहीत. म्हणतात, पाण्याने घड्याळ बिघडतं. आता उत्तर तुम्ही काढा."

मी हातातलं काम सोडलं. वही ओढली, पान काढलं, त्यांच्याकडे पाठ करून वाचलं. एकाच दिवशी दोन राखाडी कोट आले होते. नंबर लागून. एक घड्याळवाल्यांचा, एक दुसऱ्या कुणाचा. चिठ्ठी त्या दुसऱ्याच्या खिशातली. बोलघेवड्याने उचलली जीभ लावली टाळ्याला!

"वहिनी, तुमच्या ह्यांची नाहीये हो ती! त्यांच्या खिशात तर फक्त..." आणि मी जीभ चावली. त्यांच्या खिशात जे काही होतं तेही त्यांचंच होतं.

"फक्त काय?"

"काही नाही. पण चिठ्ठी त्यांची नाही. आईशपथ."

"मग कुणाची?"

मी गप्प. माझ्या आयुष्यात हा प्रसंग फार वेळा आलेला नाही.

"चिठ्ठी दाखवा. अक्षर बघते."

"ज्याची होती त्याला कधीच देऊन टाकली."

"अस्सं," वहिनी म्हणाल्या. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? ह्यांनी तुम्हालापण सांगून ठेवलंय, सरळ म्हणा ना." आणि फोन उचलून गेल्या. कोट तसाच टांगलेला राहिला.

मी आधी एक काम केलं. माझ्या फोनवरून, नाव न सांगता बोलघेवड्याला लिहिलं, 'काळा कोट झाला का?' त्याने मला विचारलं, कुठला काळा कोट, आणि मी ओळखावं म्हणून दुकानातल्या साऱ्या काळ्या कोटांचे खिसे माझ्यापुढे उलटे केले. सुरुवात एका पथ्यावरच्या माणसाच्या वेफर्सपासून झाली आणि जिथपर्यंत गेली तिथे मी फोन उपडा ठेवला. ओळख नाही, पाळख नाही, जो विचारेल त्याला सगळं वाढून द्यायला बसलेला!

"भाऊजी! बंद करा त्याला! आत्ताच्या आत्ता!"

"वहिनी, बंद कसा करायचा ते त्यालाच विचारावं लागतं," भाऊजी म्हणाले. आणि खरंच विचारत बसले. त्याने आदबीने सहा टप्पे सांगितले, वर फूल दिलं, आणि अर्ध्या तासाने एकदाचा गेला.

मग कंपनीला फोन. मधाळ आवाजाची एक बाई म्हणाली, "आम्ही फक्त साधन पुरवतो, मॅडम. त्यात कुठली माहिती घालायची ती जबाबदारी आपली. आपण अटी मान्य केल्या आहेत." मी भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी छताकडे बघितलं. एकशे चौदा अटी त्यांनी एका अंगठ्याने मान्य केल्या होत्या. मी त्या बाईला चांगलं फैलावर घेतलं, आमची पानं पुसून टाका आणि पुसलीत असं लेखी द्या म्हणून अडून बसले. पण खरं सांगायचं तर मला राग आला तो तिचं म्हणणं खोटं नव्हतं म्हणून.

भाऊजींकडे तोड तयार होतीच. "वहिनी, ही यंत्रं थापा मारतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. नसलेल्या गोष्टी असल्यासारख्या सांगतात. आपणही तेच सांगायचं. अशी चिठ्ठीच नव्हती, यंत्राने मनाने रचली. घड्याळवाले सुटले, दुसरा राखाडी कोट सुटला, आपणही सुटलो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

खोटं कशाला बोलू, मला आवडली ती कल्पना. चांगली तासभर आवडली. किती सोपं! कुणाला इजा नाही, कुणाचं नाव नाही. वहिनी लगेच ऐकतील, त्यांनाही तेच तर ऐकायचं असणार. मी मनातल्या मनात वाक्यसुद्धा जुळवलं. तेवढ्यात वाफेच्या पलीकडून आमचे हे म्हणाले, "चिठ्ठी होती."

एवढंच. आणि परत शर्टाची कॉलर.

"हो, होती," मी भाऊजींना म्हटलं. "मी माझ्या हाताने लिहिलीय. आज यंत्राच्या डोक्यावर खापर फोडायचं, मग उद्या कपडा जळला तरी यंत्राने जाळला, हरवला तरी यंत्राने हरवला. मग दुकानावरची पाटी कशाला आपली? यंत्राचीच लावू."

पण भाऊजींनी तोवर घाई केली होती. बंद करण्याआधी त्यांनी बोलघेवड्याकडूनच माफीचा मेसेज लिहून घेऊन वहिनींना धाडला होता. हात दाखवून अवलक्षण! तेवढ्यात वहिनींचा फोन.

"'आमच्या प्रणालीतील त्रुटीमुळे आपणास झालेल्या संभाव्य गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' ही प्रणाली कोण? नवीन ठेवलीय का कामाला? पाठवा तिला माझ्याकडे! आणि संभाव्य? ह्यांचं अंथरूण कालपासून खाली दुकानात गेलंय, ताई, आणि म्हणे संभाव्य!"

"वहिनी, तो मेसेज..."

"शनिवारी सकाळी दहाला येते. वही उघडून दाखवा, चिठ्ठी कुणाची ते माझ्या डोळ्यांनी बघू द्या. नाहीतर मी बॅग घेऊन बहिणीकडे चालले. परतीचं तिकीट न काढता." मग आवाज एकदम बारीक झाला. "मला पण जायचं नाहीये हो."

फोन ठेवल्यावर मी काउंटरवर डोकं टेकून बसले. बावीस वर्षांचा संसार आणि शनिवारला उरलेले तीन दिवस. सगळं माझ्या वहीच्या एका पानावर अडलेलं.

संध्याकाळी घड्याळवाले स्वतः आले. दाढी वाढलेली, भिंग डोक्यावर तसंच. "ताई, गुरुवारी चारला मी दुकानात असतो. माझ्याकडे साठ घड्याळं साक्षीला आहेत. पण घड्याळांचं ती ऐकत नाही. तुम्ही फक्त एक नाव सांगा तिला. हळूच सांगा. ती कुणाला बोलणार नाही."

"नाही सांगता येत, दादा."

"माझं घर मोडतंय."

"कळतंय मला," मी म्हटलं, आणि मला रडायलाच आलं. "माझ्यामुळे मोडतंय. तुम्ही मला हव्या त्या शिव्या द्या." त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. डोक्यावरचं भिंग काढून खिशात ठेवलं, आणि गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी वहीतल्या एकेकाला गाठायला सुरुवात केली. बासष्ट माणसं. भाऊजी म्हणाले, "बैल गेला नि झोपा केला. वहिनी, ज्यांना माहीतच नाही त्यांना कशाला जागं करायचं?" मी म्हटलं, "त्यांचे खिसे आहेत, त्यांना माहीत नको?" आणि एकेकाला तेच सांगितलं. तुमच्या खिशातलं मी वहीत लिहिलं, ती वही आम्ही यंत्राला दिली, ते वीस दिवस विचारेल त्याला सांगत होतं, आता बंद आहे, चूक आमची.

माणसं तरी एकेक! एकाने न धुतलेले कपडे तसेच परत नेले. असे एकूण नऊ जण गेले. एकाने अर्धा तास मला झापलं, आणि मग विचारलं, "बरं, आमच्या वरच्या मजल्यावाल्यांच्या खिशात काय निघतं हो?" एक आजोबा म्हणाले, "बाई, माझ्या खिशात काय होतं ते मलाच आठवत नाही, यंत्राला तरी लक्षात आहे हे बरं झालं." एकीने काही न बोलता दार लावलं. ते दार अजून माझ्या मनात लागतं.

आणि मग ज्यांची चिठ्ठी, त्यांच्याकडे गेले. बाई की बुवा, तरुण की म्हातारं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. चिठ्ठीतले शब्दही मी जरा बदललेत, तुम्ही तळ्यावर जाऊन बसाल, तुमचा काय भरवसा. आपण 'ती व्यक्ती' म्हणू.

त्या व्यक्तीने मला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

"कुणाला कळलं?" व्यक्तीने विचारलं.

"एका घरात. पण तुमची आहे म्हणून नाही कळलं. त्यांना वाटतंय त्यांच्याच घरातल्या कुणाची आहे."

"कुठलं घर?"

"तेही नाही सांगत."

"म्हणजे माझ्या चिठ्ठीने कुणाच्या तरी घरात आग लागलीय, आणि मी पुढे होऊन सांगितलं तर ती विझेल."

"विझेल. पण मी ते मागायला आलेले नाही. तुम्हाला कळायला हवं होतं, म्हणून आले."

त्यांच्या स्वयंपाकघरात नळ टपकत होता. मग व्यक्ती म्हणाली, "नाही जमणार मला. वाईट वाटतंय, पण नाही जमणार." मी मान हलवली. उठताना व्यक्तीने माझा हात धरला. "तुम्ही नाव नाही ना सांगणार?" मी म्हटलं, नाही. वाटेत मात्र मला त्या व्यक्तीचा, त्या तळ्याचा आणि त्या निळ्या रंगाचा असा काही संताप आला म्हणता!

शनिवारी दहाच्या ठोक्याला वहिनी आल्या. हातात बॅग. कोट अंगावर, केस घट्ट बांधलेले. बॅग काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "वही."

मी वही काढली, बंदच ठेवली, वर हात ठेवला. भाऊजी मागच्या दारात उभे. इस्त्री थांबली होती.

"वहिनी, यंत्राने थाप नाही मारली. चिठ्ठी खरी आहे. खरी चिठ्ठी चुकीच्या दारात पडली. आणि ती यंत्राच्या हातात मी दिली. प्रणालीने नाही, भाऊजींनीही नाही. मला विचारलं होतं, मी हो म्हटलं. तुमच्या घरात जे झालं ते माझ्यामुळे. घड्याळवाल्यांनी काही केलेलं नाही."

"नाव."

"नाही सांगणार."

"मग विश्वास कशावर ठेवू? तुमच्या शब्दावर? त्याच शब्दाची तुम्ही वाट लावलीत, ताई. काहीतरी पुरावा द्या!"

"पुरावा नाही माझ्याकडे," मी म्हटलं. "पण तुमची एक वस्तू आहे, ती मला आज द्यायचीच होती. तुम्ही बासष्टांमधल्या शेवटच्या." मी वाकले, खालचा कप्पा ओढला, आणि एक पाकीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं. कडा पिवळट पडल्या होत्या.

"हे काय?"

"तुमच्या तपकिरी कोटाचा डावा खिसा. आठ महिन्यांपूर्वीचा. कोट घड्याळवाले घेऊन गेले, पाकीट राहिलं. मी त्यांच्याकडे तीनदा निरोप दिला, वहिनींना एकदा येऊन जायला सांगा म्हणून."

"दिला होता ह्यांनी निरोप. मला वाटलं, तुम्हाला गप्पा मारायच्या असतील."

त्यांनी पाकिटाचं तोंड दोन बोटांनी उघडलं, आत बघितलं, आणि लगेच मिटलं. आत काय होतं ते मला विचारू नका. वहिनी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या.

"मला वाटलं, रस्त्यात पडलं," त्या हळूच म्हणाल्या. "किती दिवस शोधत होते. ह्यांनी... ह्यांनी विचारलं नाही तुम्हाला, काय आहे म्हणून?"

"विचारलं. म्हणाले, द्या माझ्याकडे, मी देतो. मी म्हटलं, खिसा तुमचा नाही. ते म्हणाले, बरं."

वहिनी पाकिटाकडे बघत राहिल्या. मग एकदम मान वर केली. बाई गणिताची, पुढची पायरी त्यांना कुणी सांगावी लागत नाही. "म्हणजे तुमच्या त्या यंत्राला हेपण ठाऊक होतं?"

"होतं. वीस दिवस."

"आणि ह्यांनी नुसतं विचारलं असतं, तपकिरी कोट झाला का..."

"तर सगळं सांगितलं असतं. शब्दन् शब्द. आणि शेवटी पिवळं फूल."

वहिनींनी दोन्ही हातांनी पाकीट छातीशी धरलं. मी घाबरले, पाणी आणायला वळले. पण त्या उठल्या, काउंटरपाशी आल्या, आणि वहीवरच्या माझ्या हातावर बोट ठेवून म्हणाल्या, "आत ठेवा ती. मला नाही बघायची."

"वहिनी..."

"ठेवा म्हणतेय ना! मला एक पान दाखवाल, तर उद्या दुसरं कुणी माझं मागायला येईल. ज्याला कुणाला गुरुवारी चारला जायचंय त्याला जाऊ दे बापडं सुखाने." नाक पुसलं. "ह्यांचा राखाडी कोट द्या. चार दिवस थंडीत दुकानात झोपतोय तो माणूस, स्वेटरवर."

भाऊजींनीच धावत जाऊन कोट काढून दिला. मी म्हटलं सुटलो! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मी हसत होते, अशी काहीतरी बावळट दिसत असणार. वहिनींनी कोट हातावर टाकला, बॅग उचलली, पाकीट आतल्या खिशात नीट ठेवलं आणि दारापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या.

"ताई, हे तुम्ही वाचलं होतंत ना?"

मी हसायची थांबले.

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"आणि उतरवून ठेवलंत."

"हो."

"मग तुमच्यात नि त्या यंत्रात फरक काय हो?"

"मी आठ महिने बोलले नाही, वहिनी. कुणालाच नाही."

"ते दिसलं मला. त्याच्यावरच तर चाललेय परत घरी. पण वाचलं कशाला?"

सत्तावीस वर्षं मी ह्या काउंटरमागे उभी आहे. डाग का गेला नाही, बटण का तुटलं, कपडा का आकसला, प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असतं, बहुतेक वेळा दोन असतात. त्या दिवशी एकही आलं नाही.

"नीट विचार करून ठेवा," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीला विचारावं तसा होता. "मला उत्तर हवंय. पुढच्या शनिवारी कपडे घेऊन मी स्वतः येणार आहे."

आणि बॅग ह्या हातातून त्या हातात घेऊन त्यांनी रस्ता ओलांडला. समोर घड्याळवाले दुकानाचं दार उघडून उभेच होते.